उकाड्यात तळीतले मासे एका पहाटेत मेले. विष की आणखी काही?

कुळागरची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याला राहतो. कुळागराच्या वरच्या अंगाला झरीच्या पाण्यावर भरणारी जुनी तळी आहे, साधारण १२ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. पोफळी, माड, केळी, सगळ्यांना तिथूनच पाटाने पाणी जातं. सासऱ्यांनी दोन वर्षांमागे ३०० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आणून सोडली होती. कटला, रोहू, मृगळ. कटले आता किलोच्या वर गेले होते.

या आठवड्यात उकाडा सोसवत नाही, रात्रीसुद्धा पान हलत नाही. आज पहाटे सासरे पाणी सोडायला गेले तर मासे पोट वर करून तरंगत होते. मेले ते बहुतेक मोठे, त्यातही कटले जास्त. बारके जिवंत होते, पण काठाशी गोळा होऊन तोंडं पाण्याबाहेर काढत होते. ऊन वर आलं तसे तेही खाली गेले. पाणी पंधरवड्यापासून गर्द हिरवं आहे आणि कमरेच्याही खाली आलं आहे. झरीची धार करंगळीएवढी उरली आहे.

वाड्यावर एकच बोलणं चालू आहे, की वरच्या काजूबागेत औषध मारलं आणि ते झरीत उतरलं. दोन घरांचं बोलणं सकाळपासून बंद झालं. मला हे पटत नाही, पण ‘नाही’ म्हणायला माझ्याकडे आधारही नाही. विषाने मेले की उन्हाने, हे ओळखायचं कसं? आणि जे उरलेत त्यांना वाचवायचं कसं?

जाळेवाला

बाय, कारणाचं मागाहून लिहितो. आधी आजच्या रात्रीचं बघा, कारण उरलेले मासे उद्या पहाटे जाऊ शकतात.

मेलेले सगळे मासे संध्याकाळच्या आत बाहेर काढा. तळीपासून आणि विहिरीपासून लांब खड्डा करून वर चुना टाकून पुरा. कुणी कालवणाला मागितले तरी देऊ नका. कोमट पाण्यात मेलेला मासा फार लवकर नासतो. आज आणि उद्या खाद्य बंद. पेंड नाही, कोंडा नाही, शेण तर मुळीच नाही.

घरात पाण्याचा पंप असेलच. तळीचंच पाणी वरच्या थरातून ओढा आणि उंचावरून, भोकं पाडलेल्या पाइपातून, पावसाच्या धारांसारखं परत तळीत पडू द्या. पंपाचं तोंड तळाशी नको, गाळ ढवळला तर होतं ते नुकसान वाढेल. दुपारी चालवून फार उपयोग नाही. रात्री ११ ला सुरू करा आणि सूर्य चांगला वर येईपर्यंत बंद करू नका. वीज गेली तर दोघांनी बादलीने पाणी उंचावरून ओतत राहायचं. एवढ्याशा तळीत त्यानेही जीव वाचतात.

बोअरचं पाणी थेट सोडू नका, त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. सोडायचंच असेल तर चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून आपटत येऊ द्या. नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही.

फोंडेकर

माशांतलं मला कळत नाही, काजूतलं कळतं. एप्रिलमध्ये काजूवर फवारणी कोण करतो? ढेकण्या किडीसाठी औषध मारतात ते पालवी फुटताना, मोहोर येताना आणि बी धरताना. आता झाडाखाली बोंडू पडताहेत, बायकामाणसं सकाळ-संध्याकाळ बिया वेचताहेत, बोंडू फेणीच्या भट्टीवर जाताहेत. फवारलेला बोंडू भट्टीवाला घेणारही नाही. तेव्हा शेजाऱ्यावर बोट दाखवण्याआधी त्याच्या बागेत जाऊन नुसतं बघून या, बिया वेचणं चालू आहे का. चालू असेल तर तिथेच अर्धं उत्तर मिळेल. मासे पुढच्या वर्षी पुन्हा सोडता येतात, शेजारी तसा आणता येत नाही.

डिचोलीकर

फोंडेकर बाबांचं फवारणीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण काजूच्या हंगामात दुसरीही एक गोष्ट होते. भट्टीत उरलेलं आंबट सांडपाणी आणि बोंडवाचा चोथा व्हाळात, म्हणजे ओढ्यात, टाकतात. ते विष नव्हे, पण कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि पाण्याला आंबटही करतं. आमच्या बाजूच्या एका व्हाळात असंच झालं होतं, वरच्या भट्टीखालच्या कोंडीतले मासे गेले आणि भट्टीच्या वरच्या अंगाचे धडधाकट राहिले. ताईंच्या झरीच्या वर भट्टी आहे का? पाण्याला आंबूस वास येतो का?

कुळागरची_सून

वर भट्टी नाही, वासही शेवाळाचाच आहे. काजूबागेत मी स्वतः जाऊन आले, बिया वेचणं चालू आहे. काकींनी मला बसवून पन्हं दिलं. सासऱ्यांना सांगितलं, ते काही बोलले नाहीत.

जाळेवाले काका, पंप रात्रभर चालवला. पहाटे मासे वर आले होते, पण पाणी पडतं तिथेच गोळा झाले आणि मेला तो एकच. फार आभार.

आता एक विचारायचं आहे. घरात पोफळीवरच्या कोळेरोगाच्या फवारणीसाठी आणलेलं मोरचूद शिल्लक आहे. दिराचं म्हणणं, थोडं तळीत टाकलं की हिरवं पाणी साफ होईल. टाकू का?

जाळेवाला

नको! पोफळीवर बोर्डो मिश्रण मारायचं ते मोरचूद तिथेच राहू द्या. मोरचुदातलं तांबं माशाला स्वतःच घातक, आणि ते नेमकं किती टाकायचं ते पाण्याच्या कठीणपणावर ठरतं. आपल्या जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात चुन्याचा अंश कमी असतो, अशा मऊ पाण्यात थोडं तांबंही जास्त होतं. वरून, सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजायला लागतं आणि उरलासुरला प्राणवायू त्यात संपतो. मोरचुदाने तळी साफ केली आणि तिसऱ्या दिवशी मासे मेले, असं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. तिथेही लोक विषप्रयोगाचंच म्हणत होते.

आता विष की प्राणवायू, हे ओळखण्याबद्दल. तुम्ही जे पहिल्यांदा लिहिलंत त्यात जवळजवळ सगळं आलं आहे. पहाटे मेले, मोठे आधी मेले, बारके तोंड वर काढून होते, ऊन आल्यावर उरलेले सावरले. चारही खुणा प्राणवायू कमी पडल्याच्या. विष लहानमोठं बघत नाही, बहुधा बारकेच आधी जातात. विषाने मासा गोल गोल फिरतो, झटके देतो, कधी उसळी मारतो, आणि दिवसाच्या कुठल्याही वेळी मरतो. पाण्यातले किडे, बेडकाची पिल्लं तीही सोबत जातात. तुमच्या तळीत बेडूकमासे जिवंत आहेत का बघा. मेलेल्या माशाचं तोंड उघडं आणि कल्ले फाकलेले असतील तर गुदमरून मेला असं समजायला हरकत नाही.

तरी खात्री हवीच असेल तर मेलेला मासा घेऊन जाऊ नका, तो कुणाला काही सांगू शकत नाही. मरायला टेकलेला मासा बर्फात घालून आणि काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ पाणी भरून त्याच दिवशी मत्स्योद्योग खात्याकडे किंवा जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. वेळ लिहून ठेवा. दुपारी १२ ला घेतलेल्या पाण्यात प्राणवायू भरपूर दिसेल आणि पहाटे काय झालं ते कळणारच नाही.

पेडण्याची_माती

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून एक शंका. गोड्या पाण्यात २५ अंशांना दर लिटरला साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना ७ च्या थोडा खाली. म्हणजे पाणी तापलं की कमी मावतो हे खरं, पण रोहू-कटल्याला ५ मिलिग्रॅम पुरतो असं पुस्तकात आहे. मग ३५ अंशांनाही ७ आहेच की! नुसत्या उष्णतेने मासे मरायला नकोत. आपण उन्हावर जास्तच ढकलत नाही ना?

जाळेवाला

बाई, शंका अगदी नेमकी आहे. तुम्ही सांगितलेले आकडे पाण्यात जास्तीत जास्त किती मावेल त्याचे. तेवढा असतोच असं नाही.

हिरव्या पाण्यात दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, इतका की दुपारी चार वाजता तो मावतो त्याहूनही जास्त भरतो. सूर्य बुडाला की कारखाना बंद, आणि तेच शेवाळ आता श्वास घेतं. मासे श्वास घेतात, तळाचा गाळ कुजतो तोही घेतो. रात्रभर फक्त खर्च. पहाटे साडेपाच-सहाला पातळी सगळ्यात खाली येते, २ च्या खाली गेली की कटल्यासारखा मासा टिकत नाही. उन्हाळ्यात दोन्हीकडून ओढ बसते. पाण्यात मावतो कमी, आणि पाणी १० अंशांनी तापलं तर माशाची गरज साधारण दुप्पट होते. गाळातलं कुजणंही वेगाने चालतं. म्हणून दुपारच्या ३७ अंशांपेक्षा मला रात्रीच्या उकाड्याची जास्त भीती वाटते. वारा पडला तर वरून मिसळणारा प्राणवायूही थांबतो.

आणखी एक. दुपारी हिरव्या पाण्याचा सामू (पीएच) ९ च्या वर जातो. माशांच्या विष्ठेतला अमोनिया तेव्हा जास्त विषारी रूपात येतो, गरम पाण्यात आणखीच. म्हणून आत्ता कळीचा चुना टाकायला मी सांगणार नाही. तो सामू अजून वर नेईल. चुना पावसाळ्याआधी रिकाम्या तळीत टाकायची गोष्ट.

पेडण्याची_माती

पटलं. वर्गात हे असंच सांगेन. २०२३ च्या मार्चात उष्णतेच्या लाटेमुळे आमच्याकडे दुपारच्या आत शाळा सोडल्या होत्या, तेव्हा मुलांनी विचारलं होतं की उष्णतेची लाट म्हणजे नक्की किती. किनारपट्टीला हवामान खात्याचा निकष असा की कमाल तापमान निदान ३७ अंश हवं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं. पण तुमच्या म्हणण्याप्रमाणे तळीसाठी रात्रीचं किमान तापमानही तितकंच बघायला पाहिजे. मुलांना घरच्या विहिरी-तळ्यांचं पहाटेचं आणि दुपारचं तापमान मोजायला लावते.

मानशीवाला

खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतलं, थोडं लिहितो, कारण इथे सगळे गोड्या पाण्याचं बोलताहेत आणि आमच्याकडे यंदा पोंयीत कालुंदर मासे वर यायला लागलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मानस म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार, तिच्या आतल्या बाजूला बांधालगत जे खोलगट पाणी राहतं ती पोंय. भरतीला मानस उघडली की नदीचं पाणी आणि त्यासोबत सुंगटं (कोळंबी), शेवटे, कालुंदर, चोणकाची पिल्लं आत येतात, ओहोटीला जाळं लावून धरतात. पावसाळ्यात शेतात भात, उन्हाळ्यात पाणी आणि मासे. आता उन्हाळ्यात पोंयीतलं पाणी आटून नदीपेक्षाही खारट होतं, आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू आणखी कमी मावतो. ३० अंशांना गोड्या पाण्यात साडेसात तर समुद्राएवढ्या खाऱ्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास.

आमचा अनुभव असा की मासे मरतात ते भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत. उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर होतं, पोंय धुऊन निघते. अष्टमीच्या सुमाराला भरती लंगडी, पाणी बदलतच नाही, त्यात वारा पडला की पहाटे सुंगटं काठावर चढून बसलेली दिसतात. सुंगटं काठाला आली की माशांच्या आधीचा इशारा समजायचा. त्या रात्री जी काही भरती असेल तिला मानस उघडून नवं पाणी घ्यायचं, मग जाळ्याचा हंगाम असो वा नसो.

इथेच अडतं. मानशीचा लिलाव घेणाऱ्याचं गणित मासळीचं, शेतकऱ्याचं गणित शेतात खारं पाणी न येण्याचं. पूर्वी कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या जुन्या सामायिक जमीन-संस्थेच्या, माणसांचं बांधावर लक्ष असायचं. आता फळ्या कुजल्या तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. बांध फुटला की एकमेकांकडे बघायचं. मला याचं फार वाईट वाटतं. समुद्राला लागून असलेल्या जमिनीत भात आणि मासे दोन्ही काढायची ही विद्या आमच्या पूर्वजांनी गाळात उभं राहून उभी केली, आणि ती फळी बदलायला माणूस नाही म्हणून जातेय.

सासष्टीकर

मानशीवाले बाब, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. आमच्या कुडतरीच्या तळ्यांची गोष्ट वेगळी नाही. ती तळी मासळीसाठी नव्हेतच, वायंगणीच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, भाताला पाणी पुरावं म्हणून. त्यामुळे पाणी सोडणं, तळ उघडा पडणं, मासळी धरणं, गाळ काढून शेतात नेणं, सगळं भाताच्या चक्राला बांधलेलं होतं. ज्या तळ्याखालची वायंगण बंद पडली त्याचा गाळही कुणी काढत नाही. मग तळं वरून भरलेलं दिसतं, आत काठी घातली की गुडघाभर चिखल. उथळ पाणी लवकर तापतं आणि गाळ रात्री प्राणवायू खातो. उन्हाला आपण नाव ठेवतो, पण ते ऊन झेलायची तळ्याची ताकद आपणच कमी केली आहे.

कुळागरची_सून

सासष्टीकर, आमच्या तळीतही पोफळीच्या झावळ्या आणि फणसाचा पाला वर्षानुवर्षं पडतोय. काठी घालून बघितली, हाताच्या कोपरापर्यंत गाळ आहे. बेडूकमासे जिवंत आहेत, भरपूर. सासऱ्यांनी काल संध्याकाळी स्वतः वरच्या घरी जाऊन बोलणं केलं.

काका, अजून दोन प्रश्न. ३०० मासे जास्त होते का? आणि गाळ आत्ताच काढायला घेऊ का? गडी मिळताहेत.

जाळेवाला

तीनही जातींची मिसळ शेती करताना हेक्टरी ५,००० बोटुकली हा जुना आणि सुरक्षित हिशोब. म्हणजे दोन चौरस मीटरला एक. तुमची तळी १२० चौरस मीटर, तिला ६० झाली. एरेटर लावून, रोज पाणी बदलून जास्त ठेवणारे आहेत, पण झरीवरच्या तळीत रात्री पंप चालवणारं कोण? शिवाय मार्चनंतर तुमचं पाणी निम्म्यावर येतं, तेव्हा मोठे मासे तोवर काढून खाल्लेले बरे. होळीनंतर तळीत किलोचा कटला ठेवायचा नाही असं ठरवून टाका.

गाळ आत्ता नको! मासे आत असताना फावडं लागलं तर तळाचं काळं, कुजक्या अंड्यासारख्या वासाचं पाणी वर येईल आणि उरलेलेही जातील. हेच वळवाच्या पावसानेही होतं, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा. मे महिन्यात गडगडाटासह पहिली जोराची सर आली की वरचं गरम पाणी एकदम थंड होऊन खाली बसतं आणि तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं. त्याच्या आधी दोन दिवस आभाळ भरलेलं असेल तर शेवाळानेही प्राणवायू बनवलेला नसतो. लोक म्हणतात पाऊस पडला, आता मासे सुटले, आणि त्याच रात्री मरतूक होते. त्या रात्री पंप तयार ठेवा.

तोवर खूण साधी आहे. दुपारी हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा. तळवा दिसत नसेल तर पाणी फार हिरवं, खाद्य बंद. अर्धवट दिसत असेल तर ठीक.

फोंडेकर

आणि तळीवर सावलीसाठी झावळ्यांचा मांडव चालेल का? आमच्या काकांनी जलपर्णी सोडली होती सावलीला.

जाळेवाला

मांडव चालेल, एका बाजूला, तळीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि सुक्या झावळ्या पाण्यात गळणार नाहीत असा बांधा. जलपर्णी अजिबात नको. महिन्याभरात सगळी तळी झाकते, मग उजेडही नाही आणि वाराही नाही.

मानशीवाला

गाळ काढाल तेव्हा सगळी तळी एकसारखी खणू नका. झरीकडचा कोपरा पुरुषभर खोल ठेवा, बाकी छातीभर. मे अखेरीला पाणी आटलं तरी तिथे बेडूक, खेकडे, गावठी मासे तग धरतात. मरळ आणि मागूर बाहेरची हवा घेतात, त्यांना तेवढं पुरतं.

जाळेवाला

कोपऱ्याचं मान्य, पण खोल पाण्याच्या तळाशी प्राणवायू नसतो हेही बघा. म्हणून झरीची धार त्याच कोपऱ्यात आणि उंचावरून पडू द्या. सध्या ती काठाने वाहत येऊन शांतपणे मिसळत असणार. एक पन्हळ लावा, पोफळीचीच, हातभर उंचीवरून पडेल अशी. करंगळीएवढी धारही रात्रभर पडत राहिली तर तिच्याभोवती माशांना उभं राहायला जागा होते.

कुळागरची_सून

पन्हळ आज दुपारी लावली. मोठे उरलेले अकरा मासे रविवारी काढणार आहोत, त्यातले काही वरच्या घरी जातील. गाळ मे अखेरीला. तो ओलाच पोफळींच्या आळ्यात टाकायचा की सुकवून?

सासष्टीकर

सुकवून. तळीच्या काठावर पसरा, भेगा पडल्या की ढेकळं फोडून आळ्यात घाला, बुंध्यापासून दोन वीत लांब. ओला टाकलात तर मुळांना हवा मिळत नाही. आणि पाऊस ५ जूनच्या आसपास गोव्यात पोचतो, त्याच्या आधी उचलून व्हायला हवा, नाहीतर सगळा वाहून पुन्हा तळीतच येईल.